चिंचोक्याची खळ आणि अण्णांचं जाकीट

माणूस समोर आला की मी आधी त्याच्या काखेकडं बघते. हे वाचून कुणी नाक मुरडेल, पण सारा जन्म शिवणयंत्रापुढं घालवलेल्या बाईला चेहरे नंतर दिसतात. कापड काखेत ओढलं जातंय का, हात उचलला की सदरा पँटीतून वर येतो का, कॉलर मानेला घासते का, हे मला न बघता दिसतं. लग्नाला गेले की स्टेजवरच्या नवरदेवाकडं बघून माझा जीव कळवळतो, कारण भाड्याच्या शेरवानीत त्या बिचाऱ्याला अक्षता झेलायलाही हात वर करता येत नसतो. माझी सून म्हणते, आई, लोकांकडं असं टक लावून बघू नका, गैरसमज होतो. मी म्हणते, होऊ दे. या वयात माझ्याबद्दल कुणाचा गैरसमज होणार असेल तर मला तो ऐकायचाच आहे.

ही नजर मला शिवणाच्या क्लासात मिळाली नाही. ती मिळाली अण्णांच्या एका जाकिटामुळं, पोलीस लाइनीत राहत होतो तेव्हा. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण लाइन अजून तिथंच आहे आणि आमच्या जिल्ह्यात एकाचं नाव घेतलं तर त्याचे चार पाहुणे दुकानात येऊन उभे राहतात. जिल्ह्याचं नाव तेवढं सगळ्यांना ठाऊक आहे. तेव्हा आम्ही उस्मानाबाद म्हणायचो, आता धाराशिव म्हणतो, आणि माझ्या दुकानाच्या पाटीवर रंगवणाऱ्यानं जुनं नाव नीट पुसलं नसल्यामुळं ऊन पडलं की दोन्ही दिसतात.

लाइन म्हणजे समोरासमोर दोन रांगा, पत्र्याची छपरं, मधे एक नळ आणि पलीकडं कवायतीचं मैदान. सकाळी बिगुल वाजला की रांगेतले सगळे स्टोव्ह एकदम फरफरायला लागायचे आणि नळावर घागरींची आदळआपट सुरू व्हायची. अण्णा, म्हणजे माझे वडील, तिथं हवालदार होते. मूळचे जिल्ह्यातल्याच वाशीकडचे, मेंढरं राखणाऱ्या घरातले. भरती होईपर्यंत त्यांनी पायात कधी बूट घातला नव्हता, आणि पहिला घातला तो सरकारनं दिलेला. त्यामुळं वर्दी हा आमच्या घरात कपडा नव्हताच. ती खुंटीवर असली तर आम्ही तिच्याकडं पाय करून झोपत नसू, आणि तिच्या खिशात हात घालायची परवानगी फक्त अण्णांना होती.

आई माकणीकडची. तिच्या माहेरी घोंगड्या विणायचे. मागावर लोकरीचा ताणा, म्हणजे उभे धागे, चढवले की त्याला चिंचोक्याची खळ लावतात, म्हणजे धागा ताठ राहतो, तुटत नाही. चिंचोके भाजायचे, टरफल काढायचं, भिजवून वाटायचे आणि शिजवून पिठल्यासारखं दाट करायचं. आईनं लग्नानंतर पहिल्यांदा अण्णांची वर्दी धुतली तेव्हा शेजारणींनी तिला तांदळाची पेज लावायला सांगितली. आईनं लावून बघितली आणि हे काय पाणी, म्हणाली. दुसऱ्या धुण्याला तिनं माहेरची खळ काढली. लोकरीसाठी असलेली खळ वर्दीच्या खाकी ड्रिल कापडाला लागली आणि सदरा असा वाळला की खुंटीची गरज उरली नाही, भिंतीला टेकवून ठेवला तरी उभा राहत होता.

आमच्या घरात चिंचेचं झाड होतं असंच म्हणा ना, कारण तिचं काही वाया जात नसे. कोवळा पाला, म्हणजे चिगूर, भाजीत, कोळ आमटीत, उरलेला चोथा आणि राख अण्णांच्या बक्कलाला आणि बिल्ल्याला, आणि चिंचोके वर्दीला. भाजलेले चार चिंचोके आमच्या गालातही असायचे. अण्णा चालायला लागले की सदऱ्याचा करकर आवाज यायचा. रांगेच्या टोकाला ते वळले की आई तव्यावर भाकरी टाकायची, तिला बिगुलापेक्षा त्या आवाजाचा भरवसा जास्त. घाम आला की त्यांच्या अंगाला भाजक्या चिंचोक्यांचा वास यायचा. आजही कुठं तो वास आला की मला वाटतं मागं कुणीतरी सावधान उभं आहे.

इस्त्री माझ्याकडं होती. कोळशाची पितळी इस्त्री, वजनाला भारी, आणि खळीचं कापड ओलसर असतानाच तिच्याखाली यायला हवं. बाहीची घडी मी अशी पाडायची की बोट फिरवलं तर ओरखडा निघावा. दहावी झाली होती, पुढं काय ते ठरलं नव्हतं, घरात जुनं शिवणयंत्र आलं होतं आणि मी त्यावर परकर-पोलकी शिवत होते. पण लाइनीत माझी ओळख इस्त्रीसाठीच. दर वर्षी मोठे साहेब तपासणीला यायचे, त्यात वर्दीच्या टापटिपीचा, म्हणजे टर्नआऊटचा एक कप असायचा, आणि तो कप आमच्या घरी यायचा. फळीवर सात कप होते. एकात मोहरी, एकात जिरं, एकात आईच्या पिना, बाकीचे उगीच. पाहुणे आले की आई मोहरी काढायला उगाच उठायची.

अण्णांचं वर्दी घालणं हा एक सोहळाच होता. आधी जेवण, कारण एकदा वर्दी चढली की मांडी घालता येत नसे. धपाटे आणि दही, नाहीतर हुलग्याची शेंगोळी खाऊन ते उठायचे, हात धुवायचे आणि उभे राहायचे. सदरा आई धरायची, त्यात ते हात सारायचे तेव्हा खळीनं चिकटलेल्या बाह्या फाडल्यासारख्या उघडायच्या. मग ते खाली वाकू शकत नसत, म्हणून बुटाचे बंद मी बांधायची. चहा उभ्यानं. आई दोन पावलं मागं सरकून बघायची आणि म्हणायची, हं. त्या एका हुंकारासाठी आम्ही सगळे राबत होतो. अण्णा काही बोलत नसत, मान ताठ ठेवून समोर बघत. बोलायला मान वळवावी लागली असती आणि कॉलर तेवढी मोकळीक देत नव्हती, हे मला फार पुढं कळलं.

शेजारी मुजावरचाचा राहायचे. तेही हवालदारच, पण त्यांचा सदरा धुतला की झटकला आणि घातला अशा घराण्यातला. पोटावर बटण ताणलेलं, कोपराला सुरकुत्या, आणि चेहरा सदा समाधानी. दर तपासणीला त्यांना शेरा पडायचा आणि दर शेऱ्याच्या दिवशी ते मिठाई आणायचे, खव्याचे पेढे, की संपलं बाबा एकदाचं. अण्णांना बघून ते म्हणायचे, "हवालदार, तुमचा शर्ट ड्युटी करतो, तुमी निस्ते आत उभे ऱ्हाता." अण्णा हसायचे, पण ओठांनीच. मला चाचांचा राग यायचा. आमच्या शर्टाला नावं ठेवणारा माणूस पेढे आणतो म्हणून त्याला माफ करावं का, हा प्रश्न मला पडायचा, आणि पेढा खाऊन झाल्यावर मी तो सोडून द्यायची.

मधेच आजचं सांगते. परवा दुकानात दोन पोरी आल्या, नव्या भरतीच्या. पाठीवरच्या पिशवीतून त्यांनी ते आताचं काळं, गोळी अडवणारं जाकीट काढलं आणि टेबलावर ठेवलं. एक म्हणाली, मावशी, हे घातलं की छाती दबते, श्वास पुरत नाही, आणि बसलं की पट्टा गळ्याशी येतो. मी माप घेतलं. ज्यानं ते कापलं त्यानं बाईमाणूस कधी मापलेलंच नाही. मी त्यांना सांगितलं, आतल्या पत्र्याला मी हात लावणार नाही, तुमच्या साहेबाची लेखी परवानगी आणा, मग कव्हराचं बघू. दुसऱ्या दिवशी आणली. साहेबही बाईच होत्या. परवानगीखाली त्यांनी पेनानं लिहिलं होतं, माझंही जाकीट पाठवत आहे.

तर त्या वर्षी वरून जाकिटं आली. जळकोटच्या बाजूला हायवेवर रात्रंदिवस नाकाबंदी असायची, कधी कोण गाडीतून काय काढेल नेम नव्हता, म्हणून गोळी अडवणारी तीन जाकिटं आमच्या लाइनीच्या वाट्याला आली. ती नवी नव्हती, कुठून तरी वापरून आलेली. जाड खाकी कापडाचं कव्हर, त्यात पुढं एक आणि मागं एक लोखंडी पत्रा, खांद्यावर पट्टे. घातलं तर वाढत्या अंगाचं पोरगं कडेवर घेऊन उभं राहिल्यासारखं वाटे. कापड ढिलं, कडा उसवलेल्या, आणि वास तर असा की आधीच्या धन्याला घाम येण्याशिवाय दुसरं काम नसावं. तपासणी चार दिवसांवर होती. साहेबांना जाकिटं घातलेले तीन जवान पुढच्या रांगेत हवे होते. अण्णा, मुजावरचाचा आणि एक नवा पोरगा अशी नावं निघाली, आणि ज्याचं जाकीट त्यानं घरी नेऊन नीटनेटकं करून आणावं असा हुकूम झाला.

अण्णांचं नाव त्या वर्षी जमादारीच्या, म्हणजे बढतीच्या, यादीला लागायचं होतं. ते साहेबांच्या शेऱ्यावर होतं, आणि शेरा त्या सकाळच्या उभं राहण्यावर. हे घरात कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं, पण आईनं तुळजापूरला नवस बोलल्याचं मला ठाऊक होतं आणि अण्णांनी जमादारांच्या टोपीच्या मापाची चौकशी करून ठेवल्याचंही. जमादार झाले की नाकाबंदीवर उभं राहणं कमी होणार होतं. पन्नाशीला आलेल्या माणसाला ते किती मोठं असतं, हे मला आता माझे गुडघे सांगतात.

आईनं जाकीट दोन बोटांनी उचललं, उंबऱ्याबाहेर नेलं आणि बघत उभी राहिली. छातीवर कापडाचा झोळ लोंबत होता. असलं गबाळं घालून तुमी साहेबापुढं उभं ऱ्हानार, ती म्हणाली. मग तिच्या डोळ्यांत चमक आली ती मी ओळखली. खळ लावू का, तिनं विचारलं. अण्णा क्षणभर जाकिटाकडं बघत राहिले आणि म्हणाले, "व्हय, लाव की."

पत्रे काढून आम्ही भिंतीशी उभे केले. लाइनीतली सगळी पोरं येऊन त्यांच्यावर टकटक करून गेली. आईनं कव्हर तीन पाण्यांत धुतलं आणि नेहमीच्या दुप्पट खळ शिजवली, कारण कापड दुप्पट जाड होतं. तिच्या हिशेबानं ते बरोबरच होतं. माहेरून आणलेला ताण्याचा कुंचा तिनं माळ्यावरून काढला आणि घोंगडीच्या ताण्याला मारावेत तसे सपासप हात मारले, आतून बाहेरून, कडांना, काखेच्या गोलाला, पट्ट्यांना. भर उन्हात कव्हर वाळलं. शिमगा नुकताच झाला होता, ऊन असं की पापड तळावे लागू नयेत. संध्याकाळी त्यात पत्रे सरकवताना दोघींना जोर लावावा लागला, पण उभं केलं तेव्हा आम्ही बघतच राहिलो. छाती पुढं, पोट सपाट, एक सुरकुती नाही. सगळी रांग बघायला आली. मुजावरचाचांनी बोटानं वाजवून बघितलं आणि विचारलं, "भाभी, ह्यात माणूस घालायची काय जरूरत हाय?"

जरूर तेवढ्यासाठीच होती की सॅल्यूट जाकीट मारत नाही. अण्णांनी ते अंगावर चढवलं, मी पट्टे आवळले, ते टाच जुळवून उभे राहिले आणि उजवा हात उचलला. हात खांद्यापर्यंत आला आणि थांबला. काखेचा गोल लाकडासारखा झाला होता, तो दंडाखाली अडकत होता. अण्णांनी पुन्हा उचलला. पुन्हा तिथंच. तिसऱ्या खेपेला त्यांनी मानच हाताकडं नेली आणि भुवईला बोटं लावली, पण ते सॅल्यूटासारखं नाही, डास मारल्यासारखं दिसलं. माझा धाकटा भाऊ हसला आणि त्याला आईनं बाहेर घालवलं. घालून घालून सैल पडंल, अण्णा म्हणाले.

दोन दिवस त्यांनी ते घालून घालून सैल पाडलं. ड्युटीवरून आले की जाकीट चढवायचे आणि भिंतीवरच्या कॅलेंडरला सॅल्यूट मारायचे. एक, दोन, एक, दोन. हात रोज थोडा वर जायला लागला. मला वाटलं जाकीट नरमतंय. तिसऱ्या दिवशी सकाळी धुण्याला बनियन घेतला तेव्हा कळलं की नरमलं होतं ते अण्णांचं अंग. दोन्ही काखेत कापडाला रक्त लागलेलं, त्यावर हळद आणि खोबरेल तेलाचे डाग. मी बनियन पाण्यात बुडवून तशीच बसून राहिले. मग जुने बनियन काढून बघितले, ट्रंकेच्या तळाशी पोतेऱ्यासाठी ठेवलेले. त्या सगळ्यांच्या काखा पिवळ्या होत्या. हळदीचा डाग जात नाही म्हणून आई नेहमी कुरकुरायची, पण हळद तिथं रोज का लागते, हे आम्ही दोघींनी कधी विचारलंच नव्हतं.

मी अण्णांना विचारलं, दुखतंय का. ते म्हणाले, "कुठं काय. पोलिसाला दुखत नसतंय." आणि ताट पुढं ओढलं. भाकरीचा घास तोंडाशी नेताना त्यांचा हात कोपरातूनच हलत होता. आईला सांगावं असं वाटलं, पण ती खळीच्या कौतुकात होती, रांगेतल्या दोघी तिघी तिच्याकडं कृती विचारायला आल्या होत्या. मला एकदम इतका राग आला. खळीचा आला, जाकिटाचा आला, आणि सगळ्यात जास्त माझ्या त्या धारदार घड्यांचा आला.

दुपारी अण्णा रात्रपाळी करून आलेले, झोपले होते. आई आठवडी बाजाराला गेली होती. मी तांब्याभर पाणी ऊन केलं, फडकं बुडवलं आणि जाकिटाच्या, आणि त्याखाली घालायच्या सदऱ्याच्याही, दोन्ही काखा आणि गळे शेकत बसले. चिंचोका गरम पाण्याला लगेच शरण येतो. खळ सुटली, बोटांना बुळबुळीत लागली, ती मी पुसून पुसून काढली. छातीला आणि पाठीला हात लावला नाही, ती आईची तशीच कडक ठेवली. मग वाकळीसाठी ठेवलेल्या चिंध्यांतून आईचं जुनं हिरवं इरकल लुगडं ओढलं. दहा वर्षं धुतलेलं, फुंकर घातली तर उडावं असं मऊ. त्याच्या चार पदरी पट्ट्या केल्या आणि काखेच्या गोलाला आतून लावल्या. यंत्राची सुई जाड कापडात मोडली, म्हणून आई घोंगडीचे दोन पट्टे जोडायची तो दाभण घेतला. सरकारी वस्तू होती आणि मी कुणालाच विचारलं नव्हतं. दुसरी काख पुरी होईस्तोवर मला आई बाजारातून येताना दिसली, तेव्हा घाईत पट्टीची तांबडी किनार आत दुमडायची राहिली.

सकाळी अण्णांनी जाकिटात हात घातला आणि थांबले. काखेत कापड करकरल्याचा नेहमीचा आवाज आला नव्हता. त्यांनी हात वर नेला, तो सरळ कपाळापर्यंत गेला. आई म्हणाली, बघा, सैल पडलं का न्हाय. अण्णांनी खाली माझ्याकडं बघितलं. मी बुटाचे बंद बांधत होते आणि मला मान वर करायची हिंमत झाली नाही. बांधून झाले तरी मी गाठीशीच चाळा करत बसले. ते मैदानाकडं निघाले.

लाइनीच्या बायका-पोरांनी मैदानाच्या कडेला लिंबाखाली गर्दी केली होती. सॅल्यूट झाला तो बघून आईनं माझा हात दाबला. तीन जाकिटवाल्यांत अण्णांचाच हात ठरल्या जागी गेला होता. त्या नव्या पोरग्याचा कानाखाली अडकला, आणि मुजावरचाचांचा तर पोटावरून निघून छातीवर विसावला. साहेब रांगेतून हळूहळू पुढं आले आणि अण्णांसमोर थांबले. पुढचं बोलणं मला ऐकू आलं नाही, ते चाचांनी नंतर सांगितलं, आणि चाचांनी सांगितलेल्या गोष्टीत तिखटमीठ असतं हे धरून वाचावं. मला एवढंच दिसलं की साहेबांनी हातातल्या छडीचं टोक अण्णांच्या काखेशी नेलं आणि तिथून काहीतरी तांबडं-हिरवं बाहेर आलं. आईनं माझा हात सोडला. तिला आपलं लुगडं लांबून ओळखता आलं.

साहेबांनी विचारलं, हे काय आहे. अण्णा म्हणाले, लुगडं आहे, साहेब. मागच्या रांगेतून कुणीतरी फिसकन हसलं. कुणाचं, असं विचारल्यावर म्हणाले, आमच्या मंडळींचं. सरकारी जाकिटात कसं आलं, साहेबांनी विचारलं. चाचा म्हणत, तेव्हा मैदानावर कावळासुद्धा गप होता. अण्णांना सांगता आलं असतं की मला ठाऊक नाही, घरच्या बायकांनी काय केलं कुणास ठाऊक, चूक झाली. ते खोटंही नव्हतं. त्यांनी ते सांगितलं नाही.

"माझ्या पोरीनं लावलंय, साहेब," ते म्हणाले. "हात वर जात न्हवता. आता जातोय." आणि कुणी न सांगता त्यांनी आणखी एक सॅल्यूट ठोकला.

साहेबांनी त्यांना जाकीट काढायला लावलं. आतल्या पट्ट्या बोटांनी चाचपल्या, सदऱ्याच्या काखेत उमटलेली हळद बघितली. मग चाचांना आणि त्या पोरग्याला हात वर करायला सांगितलं आणि त्यांची तारांबळ मुकाट्यानं बघितली. शेवटी म्हणाले, सरकारी सामानाला घरचं ठिगळ चालत नाही, हवालदार. त्यांनी शेरा लिहिला, जाता जाता कारकुनाला सांगितलं की ही तिन्ही जाकिटं काखेचं माप दुरुस्त करायला पाठवा, आणि पुढं गेले. टर्नआऊटचा कप दुसऱ्याच गावच्या एका शिपायाला गेला. जमादारांची यादी लागली त्यात अण्णांचं नाव नव्हतं. पुढच्या खेपेला आलं, हे आत्ताच सांगून टाकते, नाहीतर वाचणाऱ्याच्या जिवाला घोर.

पण त्या दिवशी ते कुणाला ठाऊक होतं. मी घरी आले ती चुलीमागच्या कोपऱ्यात जाऊन बसले. आईनं माझ्याशी बोलणं टाकलं होतं, आणि तिचा राग भांड्यांवर निघत होता. साऱ्या परेडीला माझं लुगडं दाखिवलं, ती एकदाच म्हणाली, आणि कणगीचं झाकण आपटलं. जमादारी गेली, कप गेला, आणि ते माझ्या दाभणानं गेलं, यात मला शंका नव्हती. अण्णा आले. आज त्यांचा करकर आवाज आलाच नाही, सदऱ्याच्या बाह्यांचीही खळ घामानं उतरली होती, त्यामुळं ते एकदम दारात दिसले. त्यांनी जाकीट काढून खाली ठेवलं आणि वर्दीसकट चटईवर मांडी घालून बसले. वर्दीत त्यांना बसलेलं आम्ही कुणी बघितलं नव्हतं. सदऱ्याची उरलीसुरली खळ पोटावर मोडली आणि कडाड वाजली. आईनं वळून बघितलं आणि तिला वाटलं आता पोरीची काही धडगत नाही. रागावली होती तरी ती माझ्यापुढं येऊन उभी राहिली.

अण्णा म्हणाले, "तिला बोलू नगंस. बावीस वर्सं सलाम ठोकताना काखंत दुखायचं. आज न्हाय दुखलं."

आईला ते कळायला वेळ लागला. बावीस वर्षं म्हणजे लग्न झाल्यापासून. "मग बोलला का न्हाईत?" तिनं विचारलं.

"तू चिंचोकं भाजत बसायचीस, हाताला फोड यायचं. इतक्या हौसंनं करतीस, तुला कसं बोलावं?"

"मला कुठली आलीय हौस?" आई म्हणाली. "हात दुखून येतात माझं. म्या म्हनलं, तुमालाच आवडतंय."

चुलीवरची आमटी उतू गेली तरी आई हलली नाही. अण्णा फळीवरच्या सात कपांकडं बघत होते. त्यांच्या पोटातून आधी बारीक आवाज आला, मला वाटलं पुन्हा खळ मोडली, पण ते हसत होते. आईनं तोंडाला पदर लावला. ती रडतेय असं मला वाटलं आणि मी उठले, तर तिचे खांदे हसण्यानं हलत होते. दोघं एकमेकांकडं बघायचे आणि पुन्हा हसायचे. मला त्यांचं हसू आलं नाही, मला रडू आलं, आणि अण्णांनी मला ओढून शेजारी बसवलं. त्यांनी पहिल्यांदाच माझ्या खांद्यावर हात टाकला. सॅल्यूटाशिवायही तो हात वर उचलला जातो हे मला तेव्हाच कळलं.

दुसऱ्या दिवशी आईनं वर्दी नुसत्या पाण्यात धुतली. वाऱ्यावर अण्णांचा सदरा हलत होता, बाह्या एकमेकींवर आपटत होत्या, आणि रांगेतल्या बायका येता-जाता थबकून बघत होत्या. वाळल्यावर आईनं तो काढला, समोर धरला, झटकला, पुन्हा धरला. कसा गबाळा दिसतोय, ती म्हणाली. मी इस्त्रीत कोळसे घालून बसले होते. तिनं तो माझ्याकडं दिला नाही. तशीच घडी घातली आणि अण्णांच्या हातात दिली.